अब्बासच्या कार्डावरची दोन तिकिटं

“डिझेल कुनाच्या ट्रकात गेलं? माझ्या. मग पॉइंट कुनाचे? तुमीच सांगा ना, भाबी,” पडद्यापलीकडून अर्शद म्हणाला.

सलीमा आत माजघरात बसली होती. ती मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तांदूळ कालच निवडलेले होते. पण माणूस पडद्याआडून भांडत असेल तर हाताला काहीतरी काम लागतं.

“कार्डावर नाव कुनाचं हाय, ते पन सांग की,” ती शेवटी म्हणाली.

“नावाचं काय घेऊन बसलाय! नाव भाईचं, पैसं माझं. भाई गेल्यापासून बिल कोन भरतंय?”

“डिझेल जाळतोस त्याचंच बिल भरतोस. उपकार करतोस व्हय रे माझ्यावर?”

“बघ, बघ कशा बोलतात,” हे बायकोला उद्देशून. माहरुख पडद्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी होती, त्यामुळे भांडणात तिला दोन्हीकडून फायदा होता. ती पडदा सारून आत आली, सलीमाच्या सुपाकडे पाहिलं आणि म्हणाली, “निवडलेले तांदूळ परत निवडून भात वाढत नाय, भाबी.”

पडदा म्हणजे एक हिरवी फुलाफुलांची चादर होती. माजघर आणि ओटी यांच्यामधल्या दारावर अब्बास गेला त्या दिवशी ती टांगली. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, ही इद्दत. परका म्हणजे ज्याच्याशी लग्न लागू शकतं असा कुणीही, त्यात दीरही आला. सलीमा लग्न होऊन महाडच्या या घरात आली तेव्हा अर्शद एवढासा होता, नाक गळायचं आणि वहिनीच्या ओढणीलाच पुसायचा. आता तोच परका. रीत होती, तिने वाद घातला नाही. खरं म्हणजे पहिले काही दिवस तिला तो पडदा बरासुद्धा वाटला. कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

एकच पंचाईत झाली. दोघा भावांचा आवाज एक होता. अर्शदचं तोंड दिसायचं तेव्हा ते कधी ध्यानात आलं नाही. चादर टांगल्यावर तोंड गेलं आणि आवाज तेवढा उरला. पंधरवड्याच्या आत एका दुपारी ओटीवरून “पानी दे गो जरा” असं ऐकू आलं आणि सलीमा तांब्या भरून उठलीसुद्धा. पडद्यापाशी आली तेव्हा पलीकडून माहरुखच्या बांगड्या वाजल्या. तांब्या घेऊन ती तशीच मागे फिरली. ते पाणी तिने तुळशीला घालावं तर मुसलमानाच्या घरात तुळस कुठली; मोरीत ओतलं.

अब्बासची एक सुमो होती. महाड-पोलादपुरातल्या निम्म्या घरांतली माणसं आखातात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुंबईच्या विमानतळावर सोडलं अब्बासने. माणूस एक, सोडायला येणारे सात, शिवाय पापड, लोणचं, सुकी मासळी आणि एखादी रडणारी म्हातारी. सगळ्यांना तो दारापर्यंत पोचवायचा, सामान उतरवायचा, आणि हवालदाराने शिट्टी मारली की गाडी काढायचा. विमानतळ आतून कसा असतो ते त्याने हजारदा ऐकलं होतं, पाहिलं एकदाही नव्हतं.

क्रेडिट कार्ड त्याला पनवेलजवळच्या पंपावर टाय लावलेल्या एका पोराने दिलं. डिझेल भरा, कार्ड घासा, पॉइंट जमवा, पॉइंटवर विमानात बसा. अब्बासला बाकीचं काही कळलं नाही, शेवटचं कळलं. मग त्याने त्या कार्डाचा असा काही पिच्छा पुरवला की ज्याचं नाव ते. स्वतःच्या सुमोचं डिझेल कार्डावर. अर्शदच्या ट्रकचं डिझेल कार्डावर. गावात कुणी फ्रिज घ्यायला निघालं की हा सुमो घेऊन सोबत पनवेलला. “रोकड माझ्याकडं द्या, कार्ड मी घासतो. तुमाला काय फरक पडतो?” लोकांना खरंच फरक पडत नव्हता. शेजारच्या प्रयागबाईचा मिक्सर, रावजी शेटची कपाटं, कुणाच्या लेकीच्या लग्नातलं सोनं, सगळं अब्बासच्या कार्डावर. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तो गोळा केलेली रोकड बँकेत भरून यायचा. त्याचं नावच पॉइंटवाला अब्बास पडलं. पोरं हाक मारायची, “पॉइंटवाले, आलं का विमान?” आणि तो आभाळाकडे बघून म्हणायचा, “इंजिन गरम व्हतंय रे.”

त्याला दोन तिकिटं हवी होती. एक त्याचं, एक सलीमाचं. मुंबई ते मस्कत. मस्कतला त्यांची एकुलती एक लेक सुम्बुल दिली होती. बायकोचा पासपोर्ट त्याने कधीच काढून ठेवला होता.

दोन तिकिटांपुरते पॉइंट झाले ते दिवाळीच्या सुमारास, आणि अब्बास गेला तोही त्यानंतर थोड्याच दिवसांत. त्याच पंपावर डिझेल भरलं, कार्ड घासलं, पावतीवर सही केली, आणि छातीला हात लावून पंपाच्या कट्ट्यावर बसला तो बसलाच. त्या डिझेलचेही पॉइंट मिळाले.

अब्बास गेल्याचं अख्ख्या तालुक्याला कळलं, बँकेला तेवढं कुणी कळवलं नाही. आधी दुःखात राहून गेलं. मग अर्शद म्हणाला, राहू दे, कळवलं की कार्ड बंद होईल. तो डिझेलला तेच घासत राहिला; भावाची सही करायला त्याला जड गेलं नाही.

आणि मग सुम्बुलचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं, पण डॉक्टरणीने तिला विमानप्रवासाला मनाई केली. लेकीला येता येत नाही, तर आईने जायचं. इद्दत संपत होती त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तिची तारीख होती. जावई हमजा एका सुपरमार्केटात माल मांडायच्या कामाला. त्याने उसनंपासनं करून व्हिसाचं जमवलं आणि तिकिटाचं नाव काढलं की गप्प व्हायला लागला.

“अब्बांचे पॉइंट हायत ना गो, अम्मी?” सुम्बुल म्हणाली होती. “तुझ्याचसाठी तर जमवले त्यांनी.”

ते पॉइंट मार्चअखेर बाद होणार होते. म्हणून आज हे भांडण.

“दोन तिकिटं हायत,” सलीमा पडद्याला म्हणाली. “एक मला दे. दुसऱ्याचं काय ते तू बघ.”

अर्शद काही वाईट माणूस नव्हता, पण घाईला आलेला होता. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी करार केले होते आणि त्याचा एकटा जुना ट्रक आठवड्यातले चार दिवस उभा असायचा. मस्कतला कुणीतरी त्याला ट्रेलर चालवायचं काम देतो म्हणालं होतं. एकदा जाऊन बघून यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

“चालेल,” तो म्हणाला. “एक तुमचं, एक माझं.”

“आनि माझं?” माहरुख आत उभी होती, ती तिथूनच ओरडली. “तुमी दोघं विमानात जावा आनि मी इथं कोंबड्या राखते! चार महिने ह्यांचं जेवनखान कोन बघतंय? बाजार कोन करतंय?”

“तू माझं करतेस ते मी म्हनतेय का नाय करत?” सलीमा म्हणाली.

“म्हनत नाय, तेच तर! तोंडातून एक सबूद नाय. पडद्यात बसलं की मानूस मोठं होतं वाटतं.”

माहरुख दाणदाण पाय आपटत बाहेर गेली. सलीमाने सूप उचललं, तांदूळ डब्यात ओतले. माहरुखचं म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं बोललेलंही अंगाला लागतं, उलट जास्तच लागतं.

त्या संध्याकाळी प्रयागबाई नेहमीसारखी मागच्या दाराने बसायला आली. जाडजूड, हसतमुख, आणि कान अतिशय चांगले.

“झालं म्हनं ठरून,” ती म्हणाली.

“तुला कुनी सांगितलं?”

“माहरुखनं नाय, तिच्या भांड्यांनी सांगितलं. किती आपटते गो! माझ्या घरात पेले नाचतात.” मग आवाज उतरवून, “पन मला सांग, बँकेला कसं सांगनार? मालक तर नाय.”

“अर्शद बोलनार फोनवर. मी अब्बास म्हनून.”

प्रयागबाईने तोंडाला पदर लावला. “आनि बँकवाल्यांनी इचारलं, आईचं नाव सांग, मग?”

“आई एकच की दोघांची.”

“ते पन खरंच,” प्रयागबाईला हसू आलं. “जन्मतारीख?”

“एक जून. मास्तरांनी दोघांची तीच लावलीय, साल तेवढं वेगळं.”

“अल्लानंच जुळवून दिलंय म्हन की,” असं म्हणून प्रयागबाई उठली. दारात थांबून तिने सांगून टाकलं, “माझ्या मिक्सरचे पन हायत हां त्यात. तिकडून येताना खजूर आन.”

सलीमा हसली. अब्बास गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग तिला त्याचीच भीती वाटली.

फोन शुक्रवारी दुपारी करायचं ठरलं. घरात फोन दोन. एक ओटीवर, आणि त्याच तारेवरचा दुसरा आत माजघरात, तो अब्बासनेच जोडून घेतला होता. गिऱ्हाइकांचे फोन कधीही येत, म्हणून. तार चादरीखालून आत गेलेली होती.

“तुमी आतला उचलून ठेवा,” अर्शद म्हणाला. “पासपोर्टचा नंबर इचारला की मी ‘एक मिनिट’ म्हनेन, तुमी हळूच माहरुखला सांगा, ती मला सांगेल. तुमी फोनवर बोलू नका. श्वास पन जोरात घेऊ नका.”

“रिसीव्हरवर ओढणी धर म्हनजे झालं,” माहरुखने सलीमाला म्हटलं. रागात ती ‘तुमी’ विसरायची. ती दारातच उभी राहिली होती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तिकीट मिळणार नव्हतं तरी तमाशा सोडायला ती तयार नव्हती.

अर्शदने नंबर फिरवला. बराच वेळ बाजाच वाजत राहिला. मग एका मुलीचा आवाज आला, गोड आणि घोटलेला.

“नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?”

“मैं अब्बास बोलता,” अर्शद म्हणाला. “पॉइंट पे टिकट निकालना है।”

सलीमाने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. इतके दिवस तो आवाज चादरीपलीकडून यायचा. आता थेट कानात आला, अब्बास पनवेलहून फोन करायचा तसा, त्याच खरखरीसकट. ‘निघालोय गो. भात टाक.’ एवढंच बोलायचा तो. एवढंच बोलायला फोन करायचा.

मुलीने आईचं नाव विचारलं, ते बरोबर आलं. जन्मतारीख विचारली, तीही बरोबर. “धन्यवाद, अब्बास जी,” मुलगी म्हणाली. माहरुखने दारातून अर्शदला मान हलवून शाबासकी दिली.

“सर, पहले यात्री का नाम?”

“सलीमा.”

“आपसे उनका रिश्ता?”

अर्शद क्षणभर अडखळला. ओटीवर तो घाम पुसतोय हे सलीमाला न बघता कळलं.

“मेरी बीवी है।”

हे विचारणार, हे तिला माहीत होतं. हेच उत्तर द्यावं लागणार, तेही माहीत होतं. दोन दिवस तिने मनाशी घोकून ठेवलं होतं की तो शब्द आला की सुम्बुलचा चेहरा आठवायचा. तिने आठवला. सुम्बुलचा चेहरा आला, गरोदरपणात सुजलेला असेल असा, आणि सलीमाने ओढणी रिसीव्हरवर जास्तच आवळली. जाऊ दे. एक शब्द तर आहे. मुलीने पासपोर्टचा नंबर विचारला. सलीमाने तो माहरुखच्या कानात सांगितला, माहरुखने अर्शदला. बरोबर गेला.

“दूसरे यात्री, सर?”

“अर्शद. मेरा भाई।”

“ठीक है सर।” पलीकडे बटणं खटखटली. मशिनला वेळ लागत असावा, आणि मुलगी बोलकी होती. किंवा बोलकं असणं ही तिची नोकरी होती. “मैडम पहली बार फ्लाइट में जा रही हैं, सर?”

“हां. पहली बार।”

“तो आप भी साथ जाते ना, सर. उनको अच्छा लगता।”

हे कुठे ठरलेलं नव्हतं. अर्शद हसला. घाबरून हसला असेल. पण त्याच्या घराण्यातलं हसू एकच होतं, नाकातून सुरू होऊन घशात संपणारं.

“मेरा क्या,” तो म्हणाला. “मैं तो इधर ही हूँ।”

“वो इधर नहीं हैं।”

हे कोण बोललं ते सलीमाला आधी कळलं नाही. माहरुखचे डोळे मोठे झालेले दिसले, तेव्हा कळलं.

“हॅलो? मैम? कौन बोल रहा है?”

“मैं उनकी बीवी,” सलीमा म्हणाली. हिंदी तिला धड येत नव्हतं. जे आलं ते बोलली. “अब्बास नहीं हैं। गुजर गए। दिवाली के बाद। ये उनका भाई बोलता है।”

“ओ भाबी!” अर्शद ओरडला. तो फोनमधूनही ऐकू आला आणि ओटीवरूनही, एकाच माणसाचे दोन आवाज.

मग फोनमधल्या मुलीचा घोटलेला आवाज कुठेतरी गेला आणि साधा, लहान आवाज आला. “सॉरी मैम। मुझे बहुत दुख है।” थोडं थांबून ती परत नोकरीवर आली. कार्ड आता बंद करावं लागेल, मृत्यूचा दाखला पाठवावा लागेल, बाकी रक्कम भरावी लागेल.

“और पॉइंट?” सलीमाने विचारलं. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

“कार्ड के साथ बंद हो जाएँगे, मैम।”

“अच्छा,” सलीमा म्हणाली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

ओटीवर खुर्ची पडली. पावलं धाडधाड दारापर्यंत आली, चादर एकदम आत फुगली आणि तिच्या कडेला अर्शदची चार बोटं दिसली. सलीमा उठून उभी राहिली. येऊ दे आत, तिला वाटलं, येऊ दे तोंडासमोर एकदा. पण बोटं तिथेच थांबली. एवढ्या रागातही त्याने चादर सारली नाही.

“काय मिळवलंत?” तो पलीकडून म्हणाला. आता आवाज ओरडण्याचा नव्हता, ते जास्त वाईट होतं. “माझी भाकरी काढलीत. सोताच्या पोरीचं बाळतपन घालवलंत. मी काय चोरत व्हतो? भाई देत नव्हता का मला? जिता असता तर दोन्ही तिकिटं उचलून दिली असती त्यानं.”

ते खरं होतं. अब्बासने दिलीच असती. वर हसून म्हणाला असता, माझा आवाज काढलास रे, आता माझी सुमो पन धू.

“तोंडानं बायको बोल्लो म्हनून लागलं तुमाला?”

“इद्दतीत बसलेय मी,” ती म्हणाली.

“मग तशीच बस,” माहरुख म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माहरुखने गॅस वेगळा केला. ओटीच्या कोपऱ्यात शेगडी मांडली, आपली भांडी मोजून घेतली, एक पातेलं सलीमाचं गेलं ते सलीमाने जाऊ दिलं. बाजार आता प्रयागबाई करू लागली. अर्शदने ट्रक विकायला काढला. त्या दिवसापासून तो ओटीवर बोलेनासा झाला. बोललाच तर हळू, कुजबुजत. आपला आवाज आत जाऊ नये याची तो काळजी घ्यायला लागला होता, की तिला शिक्षा देत होता, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. घरात कुणाचाच आवाज उरला नाही.

गावाने आपलं मत दिलंच. पॉइंटवाल्याच्या बायकोने पॉइंट बुडवले. ज्यांनी कधीकाळी अब्बासच्या कार्डावर पंखा घेतला होता त्यांनाही अचानक आपलं काहीतरी बुडाल्यासारखं वाटू लागलं. रावजी शेट म्हणे दुकानात बसून सांगत होते, खरं बोलायचं होतं तर दिवाळीतच बोलायचं, तिकीट हातात पडायच्या वेळेला खरं कसं आठवलं? यातही चूक काही नव्हतं. सलीमाने स्वतःला हाच प्रश्न कितीदा तरी विचारला होता.

सुम्बुलचा फोन आला तो सगळं कळल्यावरच. तिला अर्शदनेच सांगितलं होतं.

“अम्मी, तुला काय करायचं व्हतं? काय नाय. नुसतं गप बसायचं व्हतं.”

“व्हय गो.”

“जनमभर गप बसलीस. अब्बांपुढं, दादीपुढं, चाचीपुढं. एक दिवस अजून बसवलं नाय तुला?”

“नाय बसवलं.”

“मला इथं कोन हाय? हमजा सकाळी जातो तो रात्री येतो. शेजारची केरळची बाय हाय, तिची भाषा मला येत नाय, माझी तिला. ती येनार माझ्यासंगं हॉस्पिटलात. माझी आई असून ती येनार.” सुम्बुल रडत होती की रागाने श्वास लागला होता, एवढ्या लांबून कळेना. “तुला मेलेला नवरा जास्त झाला.”

सलीमाला म्हणायचं होतं की तसं नाही. तो इथे आहे असं त्या आवाजात ऐकलं, आणि मला वाटलं, मी जर गप्प बसले तर तो खरंच इथे आहे असं होईल. मी मान्य केल्यासारखं होईल, आणि मग मला तो रोज उठून पाण्याचा तांब्या मागेल. पण हे फोनवर कसं सांगायचं, आणि कुठल्या भाषेत. ती एवढंच म्हणाली, “पाय वर घेऊन बसत जा. सूज उतरते.” फोन तोवर कटला होता.

इद्दत संपली त्या दिवशी सलीमाने न्हाऊन धुवट कपडे घातले, चादर स्वतःच्या हाताने काढली आणि धुवायला टाकली. अर्शद ओटीवर नव्हता; तो आदल्या दिवशीच कशेडी घाटापलीकडे कुणाच्या तरी गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून गेला होता.

मग मस्कतहून निरोप आला. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, दोघी बऱ्या आहेत. पहिली आंघोळ केरळच्या बाईने घातली.

प्रयागबाईचा लांबच्या नात्यातला भाचा सहदेव मस्कतला क्रेन चालवायचा. सुट्टी संपवून तो परत निघाला होता. प्रयागबाईने त्याला सकाळीच सलीमाकडे धाडलं. तो आला तो हातात हुकाचा वजनकाटा घेऊनच. चार घरची बोचकी नेताना माणूस शहाणा होतो.

“मावशी, राग मानू नका. सगळ्यांनी काय काय दिलंय,” तो म्हणाला. “तुमचं दोन किलोच घेतो.”

सलीमाचं बोचकं कधीचं भरून तयार होतं. ती स्वतः जाणार होती तेव्हाच्या हिशेबाने भरलेलं. सहदेवने ते हुकाला अडकवलं आणि काटा बघून नुसताच हसला. ती खाली बसली आणि एकेक वस्तू काढू लागली. ओव्याची पुरचुंडी काढली. तेलाची बाटली काढली. अळीव काढले, ते तिकडे मिळतील. डिंकाच्या लाडवांचा डबा हातात घेऊन ती जरा थांबली, मग तोही काढून पायरीवर ठेवला.

तळाशी कापडं राहिली. अब्बासच्या लुंग्या, वर्षानुवर्षं धुऊन अगदी लोण्यासारख्या झालेल्या, फाडून, चौकोन करून, कडा शिवलेल्या.

“हे जुनेर काढा की त्यापेक्षा,” सहदेव म्हणाला. “तिकडं बाळाचं सगळं नवीन मिळतं. लाडू तरी द्या.”

“नवीन टोचतं,” सलीमा म्हणाली. “हेच ने.”

त्याने तोललं. बसलं दोन किलोत, वर थोडं उरलं. तिने ओव्याची पुरचुंडी परत आत सारली.

“निरोप काय सांगू ताईला?”

घरातून माहरुखच्या शेगडीवरची फोडणी चुरचुरली. सलीमा विचार करत राहिली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सहदेव तोंडाकडे बघत उभा होता आणि रस्त्यावर त्याची गाडी भोंगा वाजवत होती.

“म्हनावं, कापडं आधी उकळून घे.”

“बस, एवढंच?”

“एवढंच.”

तो गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत ती दारात उभी होती, मग पायरीवर बसली. इतक्या महिन्यांनी अंगावर ऊन आलं होतं. येणारे-जाणारे बघत होते. कुणी मान डोलावली, कुणी नाही. काढलेल्या वस्तू आजूबाजूला पसरल्या होत्या. तिने डब्याचं झाकण उघडलं, बाळंतिणीसाठी वळलेला एक लाडू घेतला आणि दाताने फोडला. डिंक चांगला तळला गेला होता. तो सबंध संपेपर्यंत ती तिथेच, सगळ्यांच्या देखत, सावकाश खात बसली.